मोहन्याच्या आजीने काहीच दाबलं नव्हतं

मोहन्याच्या आजीला तुम्ही दोघं ‘लाल बटण’ म्हणता, ते आजपासून बंद करायचं आहे. का, हे सांगण्यासाठी मला बरंच लिहावं लागेल. तुमचं मराठी वाचन अडखळत चालतं हे मला माहीत आहे, म्हणून सोपं लिहिते आहे. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. पण सगळंच तिच्याकडून वाचून घेऊ नका. हे तुम्ही स्वतः वाचायला हवं, कारण यात मी केलेली एक गोष्ट आहे आणि ती मी आठ महिने लपवून ठेवली होती.

मोहन्याची आजी म्हणजे माझी धाकटी जाऊ, तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. आम्ही ठाण्यात नौपाड्यात, ती कल्याणच्या पलीकडे मोहन्यात. अंतर फार नाही. पण आमच्या दोघींमध्ये दुसरं एक अंतर होतं आणि ते मी चाळीस वर्षं जपलं, असं आता म्हणावं लागतं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काम केलं. ती गावाकडे सातवीपर्यंत शिकली आणि लग्न होऊन मोहन्याच्या दोन खोल्यांत आली. दीर तिथल्याच जुन्या कारखान्यात होते. त्या घराचे सगळे फॉर्म मी भरले आहेत. रेशनकार्ड, शाळेचे दाखले, गॅस, पेन्शन. ती प्लास्टिकच्या पिशवीत कागद घालून ठाण्याला यायची आणि म्हणायची, “ताई, बघा हो, हे काय म्हणतंय.” मी चष्मा लावायचे, वाचायचे आणि जरा थांबून सांगायचे. ते जरा थांबणं मला आवडायचं.

आता व्हिडिओंविषयी. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तुम्ही परदेशातून इथे आला होतात. मोहन्याच्या आजोबांनी तुम्हाला आकाशकंदील करायला शिकवला आणि थोरले, तू ते मोबाइलवर टिपलंस. तू मध्येच थांबायचीस, हसायचीस, पुन्हा सुरू करायचीस, त्यामुळे त्याचे अकरा तुकडे झाले. मी ते कधी पाहिले नाहीत, पण जावेने इतक्यांदा सांगितलेत की पाठ झालेत. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून दीर बसले आहेत, मांडीवर बांबूच्या कामट्या आहेत. “हे बघ, कामटी आधी भिजवायची. नाहीतर वाकवताना कडकन मोडते.” आतून जाऊ ओरडते, “अहो, पोरीचा हात कापेल!” ते म्हणतात, “तू खळ बघ. मागच्या वर्षीसारखी पातळ करू नकोस.” त्यावर ती, “पातळ काय मी केली? तुम्हीच पाणी ओतलंत!” खळ म्हणजे पिठाची चिकट पेज, कागद चिकटवायची. तुम्हाला हे आठवत असेल. तुमच्या बाबांनी जाण्याआधी हे सगळं एका पेनड्राइव्हवर भरून तिच्या टीव्हीला लावून दिलं.

पुढच्या मार्चमध्ये दीर गेले.

त्यानंतर जाऊ दुपारचं जेवण झालं की टीव्हीसमोर बसायची आणि ते अकरा तुकडे ओळीने बघायची. गेल्या दिवाळीत तिने एकटीने कंदील केला, एक तुकडा लावायचा, थांबवायचा, तेवढं करायचं, पुढचा लावायचा. कंदील एका बाजूला कलला होता. तिने मला फोन करून सांगितलं, “खळ घट्ट केलेली हो या वेळी. टीव्हीकडे बघून सांगितलं त्यांना.” मी हसले आणि म्हटलं, छान. तो पेनड्राइव्ह कसा दिसतो, हे मात्र मी कधी विचारलं नाही.

यंदा फेब्रुवारीत मला जळगावला जायचं होतं. माझ्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. गाडी सकाळची, कल्याणहून धरायची, प्रवास सहा तासांचा. कसारा घाटात मोबाइलची रेंज जाते आणि पुढेही ती येत-जात राहते, म्हणजे नेटवर काही बघणं शक्य नाही. जगातल्या जुन्या ग्रंथालयांवरची सहा भागांची मालिका तुमच्या आईने त्याच दिवाळीत मला बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर उतरवून दिली होती. ती मी प्रवासात बघायचं ठरवलं. पण तुमच्या बाबांनी दिलेला टॅबलेट पूर्ण भरलेला होता. कशाने? तुमच्या फोटोंनी. वाढदिवस, बर्फ, शाळेची बस, कुत्रा. त्यातला एकही फोटो पुसायला मी तयार नव्हते. हे वाक्य लक्षात ठेवा.

इथल्या दुकानदाराने तोडगा काढला. “आजी, टॅबलेटमध्ये भरूच नका. पेनड्राइव्हवर भरा, हा ओटीजी लावा आणि थेट त्यातूनच बघा.” ओटीजी म्हणजे बोटाच्या पेराएवढा एक जोड. एका टोकाला पेनड्राइव्ह, दुसरं टोक टॅबलेटमध्ये. मी घरी येऊन माझा जुना पेनड्राइव्ह लावला, पण टॅबलेट त्याला ओळखेना. नवा घ्यायचा विचार होता. तेवढ्यात मोहन्याला जाणं झालं आणि जेवताना मी हे सगळं बोलले.

“माझा न्या की,” जाऊ म्हणाली. “अभंग भरलेत त्यात. गाडीत ऐका.”

“तुला लागेल ना पण.”

“आठ दिवसांचा तर प्रश्न. मी काय पळून चालले?”

तिने उठून टीव्हीच्या मागे हात घातला, पेनड्राइव्ह काढला, कुंकवाच्या रिकाम्या डबीत कापूस घालून त्यावर ठेवला आणि झाकण लावून माझ्या हातात दिला. देताना ती आणखी काहीतरी म्हणाली. मी त्या वेळी त्यात किती जागा असेल याचा हिशेब मनात करत होते, म्हणून नुसती मान हलवली. ती काय म्हणाली, ते मला आता शब्द न् शब्द आठवतं. “ह्यांचं पण त्यातच आहे, वाटलं तर बघा.”

गाडीच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्या लॅपटॉपवरून मालिका त्या पेनड्राइव्हमध्ये भरायला घेतली. चार भाग बसले. पाचव्याला जागा संपली. खरं तर चार भाग म्हणजे चार तास. मधला चहा, डबा आणि मला लागणारी डुलकी धरली तर चार भाग भरपूर होते. पण सहा भागांची मालिका अर्धवट नेणं मला जमत नाही. एखादा खंड नसलेला संच मी कपाटात ठेवत नसे.

मग मी आत काय आहे ते बघितलं. एका फोल्डरला ‘अभंग’ असं नाव होतं. दुसऱ्याला नाव नव्हतं, कॅमेऱ्याने दिलेले आकडे होते. नाव नसलेली गोष्ट दिसली की माझा हात शिवशिवतो. पहिला व्हिडिओ उघडला. चार सेकंद जमीन, वर्तमानपत्र, कोणाचं तरी हलणारं पाऊल. दुसरा उघडला. नुसता काळोख, बहुधा बोट काचेवर आलेलं. लॅपटॉपचा आवाज मी बंद ठेवलेला होता. चालू असता तर त्या काळोखात दिरांचं बोलणं ऐकू आलं असतं. मी मनाशी म्हटलं, पोरांनी चुकून काढलेले तुकडे दिसतायत, हिला पुसता येत नसतील, बिचारीची जागा उगाच अडली आहे. मी तिचं घर आवरून देते आहे असंच मला वाटत होतं.

अकरांपैकी दोन बघून मी सगळा फोल्डर पुसला. कायमचा पुसायचा का, असं लॅपटॉपने इंग्रजीत विचारलं. मला इंग्रजी उत्तम येतं. मी हो म्हटलं. नंतर पाचवा आणि सहावा भाग भरला.

ग्रंथालयात पुस्तक बाद करायचं असेल तर तीन गोष्टी कराव्या लागत. पुस्तक पूर्ण चाळायचं, नोंदवहीशी ताडायचं आणि दुसऱ्या कोणाची तरी सही घ्यायची. एक सही राहिली म्हणून मी माझ्या हाताखालच्या मुलीला भर पावसात ऑफिसपर्यंत परत पाठवलं होतं. कॉलेजचा शिक्का असलेल्या एका फाटक्या पुस्तकासाठी मी हा नियम पाळला. जावेच्या वस्तूसाठी मला तो आठवलाही नाही.

प्रवास फार छान झाला. हे लिहितानाही कानशिलं तापतात, पण तो छान झाला. कसारा मागे पडलं, डब्यातल्या सगळ्यांचे मोबाइल थंडावले आणि माझा टॅबलेट मात्र चालू राहिला. समोर नाशिकला उतरणाऱ्या एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या.

“अय्या, रेंज नाही तरी तुमचं चालूच?”

मी त्यांना ओटीजी काढून दाखवला, परत लावला, सगळं समजावून दिलं. अर्धा तास तरी बोलले असेन.

“आमच्याकडे नाही बाई कोणाला जमत हे,” त्या म्हणाल्या. “सून करून देईल तेवढंच.”

“नीट वाचलं की सगळं जमतं,” मी म्हणाले. “लोक न वाचताच बटणं दाबतात आणि मग रडतात.”

असं मी म्हणाले. जावेच्या कुंकवाची डबी तेव्हा माझ्या मांडीवर होती.

परत आल्यावर मी माझे सहा भाग पुसले, अभंग तसेच ठेवले, पेनड्राइव्ह वरून रुमालाने स्वच्छ केला आणि त्यावर पांढरी पट्टी चिकटवून सुबक अक्षरात ‘४’ लिहिलं. घरातल्या सगळ्या पेनड्राइव्हना माझे क्रमांक आहेत, त्या ओघात तिच्याही पेनड्राइव्हला घातला. पुढच्या रविवारी तो घेऊन मोहन्याला गेले.

जावेने तो लगेच टीव्हीला लावला. मी जळगावची केळ्याची वेफर्स ताटलीत काढत होते.

“अहो ताई, हे बघा ना. ह्यांचं दिसत नाय.”

“काय दिसत नाही?”

“कंदिलाचं. इथे खालीच असायचं. अभंग आहेत, कंदील नाय.”

वर्तमानपत्र, हलणारं पाऊल, काळोख, सगळं एका क्षणात जागच्या जागी बसलं. ती रिमोटने वर-खाली करत राहिली. टीव्ही बंद करून पुन्हा लावला. पेनड्राइव्ह काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. मी वेफर्स एकेक करून ताटलीत ठेवत होते, जणू त्या मोजायच्या होत्या.

“मीच कायतरी केलं,” ती शेवटी म्हणाली. “तुम्हाला द्यायचा म्हणून घाईघाईत काढला ना त्या दिवशी, तेव्हा रिमोटचं लाल बटण दाबलं गेलेलं. मला तेव्हाच धस्स झालेलं.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. फॉर्म हातात देताना पाहायची, तसंच. “ताई, लाल बटणाने पुसलं जातं का हो?”

चाळीस वर्षांत तिने मला असे शेकडो प्रश्न विचारले होते आणि मी तिला एकदाही चुकीचं सांगितलं नव्हतं.

“जातं कधीकधी,” मी म्हणाले.

एवढंच. त्यानंतर मी तोंडाने फारसं खोटं बोललेच नाही. या एका वाक्यावर आठ महिने निभावले.

तिने हार मानली नाही. कल्याणला स्टेशनजवळ असं पुसलेलं परत काढून देणारा एक जण आहे, असं शेजारणीने तिला सांगितलं. ती मला म्हणाली, “तुम्ही चला सोबत, तो काय बोलेल ते मला कळायचं नाय.” मी गेले. कसं नाही म्हणणार होते? त्या माणसाने पेनड्राइव्ह त्याच्या यंत्राला लावला, बराच वेळ बघितलं आणि मान हलवली.

“काकी, डिलीट झालेलं आपण काढतो. पण ह्याच्यावर नंतर मोठमोठ्या फाइली चढवल्यात कोणीतरी. खालचं सगळं गेलं आता. काय टाकलेलं?”

जाऊ माझ्याकडे बघायला लागली.

“अभंग भरून घेतलेत हिने,” मी म्हणाले.

“अभंग एवढे मोठे?”

“पुष्कळ आहेत.”

त्याने खांदे उडवले आणि पेनड्राइव्ह परत दिला. जाऊ त्याला म्हणाली, “जाऊ द्या दादा. मीच बावळट. तुम्ही तरी काय करणार.” बाहेर ऊन मरणाचं होतं. माझा चेहरा बघून तिला वाटलं, मला तिच्यासाठी वाईट वाटतंय. “तुम्ही कशाला तोंड पाडता? चूक माझी,” असं म्हणून तिने मला हाताला धरून रसवंतीत बसवलं आणि उसाचा रस पाजला. आलं-लिंबू घातलेला, बर्फ न टाकता, कारण माझा घसा धरतो हे तिला ठाऊक आहे. मी तो पूर्ण प्यायले.

मग ते तुमच्यापर्यंत आलं. व्हिडिओ कॉलवर तिने थोरलीला विचारलं की मूळ व्हिडिओ तुझ्या मोबाइलमध्ये असतील का. तू म्हणालीस, तो मोबाइल कधीच गेला. दोन-चार ठिकाणी बघितल्यासारखं केलंस. मग “आजी, तू नक्की काय दाबलंस?” असं विचारलंस आणि ती बिचारी खरेपणाने म्हणाली, “लाल बटण.” तुम्ही दोघं हसलात. तुमचे बाबा हसले. पुढच्या खेपेला धाकट्याने तिला ‘हॅलो लाल बटण’ म्हटलं. ती सगळ्यांबरोबर हसली. तुमचा यात दोष नाही, तुम्हाला जे सांगितलं गेलं त्यावर तुम्ही हसलात. मला खरं माहीत होतं आणि मीही हसले.

त्यानंतर मी मोहन्याला जाणं कमी केलं. कधी गुडघे, कधी पाऊस, कधी गॅसवाला येणार. फोनवर ती नेहमीसारखी बोलायची, फक्त फोन आता शेजारची सून लावून द्यायची. मी त्याचाही अर्थ लावला नाही, म्हणजे लावायचं टाळलं.

पंधरा दिवसांपूर्वी मात्र गेले. दिवाळी जवळ आली होती आणि तुम्हाला तिला बघायचं होतं, म्हणून टॅबलेट बरोबर नेला होता. घरात शिरले तर टीव्हीवर भरतकामाचा रुमाल टाकलेला. त्यावर धूळ नव्हती, ती रोज झटकते. पण खाली टीव्ही बंद. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटावर ठेवलेला. तिचा मोबाइल देवघराच्या फळीवर.

“टीव्ही बिघडला का?” मी विचारलं.

“नाय. मीच लावत नाय. शेजारची येते कधी संध्याकाळी, ती लावते, मग बघते तिच्याबरोबर.”

“यंदा कंदील?”

“यंदा नाय,” ती म्हणाली आणि मेथी निवडायला बसली.

मी टॅबलेट चालू केला. तुमचा कॉल लागायचा होता. मी तो तिच्यापुढे केला आणि म्हटलं, “जरा धर, मी पाणी घेते.”

तिने दोन्ही हात मागे घेतले. पाठीमागे. सत्तरीला टेकलेली बाई, चिनीमातीची बरणी फोडलेल्या मुलीसारखी हात मागे धरून बसली.

“नको ताई. माझ्या हातून परत कायतरी जायचं.”

मी टॅबलेट बंद केला. तुम्हाला त्या दिवशी कॉल आला नाही, तो नेट नव्हतं म्हणून नाही. मी तिच्यासमोर पाटावर बसले.

“ते तू पुसलं नाहीस,” मी म्हणाले. “मी पुसलं.”

“काय?”

“कंदिलाचे व्हिडिओ. जळगावला जायच्या आदल्या दिवशी. मला जागा हवी होती. दोन उघडून बघितले, मला ते निकामी वाटले, सगळे पुसले.”

तिने हातातली काडी खुडली. पानं वाटीत टाकली. आणखी एक काडी घेतली.

“मग लाल बटण?”

“लाल बटणाने काही होत नाही. टीव्ही बंद होतो, एवढंच.”

“म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलेलं. मी विचारलं तेव्हा.”

“हो.”

“त्या दुकानात पण माहीत होतं.”

“हो.”

“आणि मी तुम्हाला रस पाजला.”

“हो.”

ती मोठ्याने बोलली नाही. मला वाटलं होतं रडेल, तेही नाही. मेथीची जुडी बाजूला सारून भिंतीवरच्या दिरांच्या फोटोकडे बघत म्हणाली, “मी रोज दिवा लावताना ह्यांची माफी मागते, ताई. रोज. म्हणते, अडाणी बायको पदरात पडली तुमच्या, तुमचा आवाजसुद्धा सांभाळता आला नाय तिला.” मग माझ्याकडे वळली. “आठ महिने मी त्यांना हे सांगतेय. आता काय सांगू?”

“मला माफ कर,” मी म्हणाले.

“ते बघू नंतर.” तिने हात झटकले. “पोरांना सांगितलंत?”

“नाही.”

“माझ्यावर हसतात ती.”

“हो.”

“तुम्ही पण हसलात. मला दिसलेलं. फोनवर कोपऱ्यात तुमचं तोंड असतं ना, छोटं, तिथे दिसलेलं.”

“हो.”

“मग तेवढ्यांना सांगा. आणि फोनवर नको. फोनवर तुम्ही गोड बोलाल, इंग्लिशमध्ये दोन वाक्यं टाकाल आणि मोकळ्या व्हाल. लिहून द्या. माझे सगळे फॉर्म तुम्हीच लिहिलेत ना आजवर? हा पण लिहा.”

मी उठले. चपला घातल्या. त्या घरातून मी चहा न घेता निघाले, असं चाळीस वर्षांत कधी झालं नव्हतं. तिने चहाचं विचारलं नाही आणि तिचं बरोबर होतं. दारातून वळून पाहिलं तर ती स्टुलावर चढून कपाटावरची पिशवी काढत होती. जिना उतरताना मला टीव्ही सुरू झाल्याचा आवाज आला. कुठलीतरी जाहिरात होती, खूप मोठ्याने.

हे लिहायला मला पंधरा दिवस लागले. पहिला मसुदा मी फाडला. त्यात पेनड्राइव्हला नाव नव्हतं, फोल्डरला नाव नव्हतं, आवाज बंद होता, तुकडे अर्धवट होते, असं सगळं नीट क्रमाने मांडलेलं होतं. वाचताना वाटलं, फेब्रुवारीत बोलले होते त्या आवाजातच हे लिहिलं आहे. दुसऱ्यात मी स्वतःला इतकी नावं ठेवली होती की वाचणाऱ्याने माझीच समजूत काढली असती. तोही फाडला. हा तिसरा.

तुम्ही दोघांनी काय करायचं ते सांगते. पहिली गोष्ट वर लिहिली आहे, ते नाव बंद. दुसरी गोष्ट, त्या वेळी तुम्ही हसत हसत शोधलंत. आता न हसता शोधा. जुना मोबाइल कोणाला दिला, त्याचं कार्ड कुठे गेलं, बाबांनी आणखी कुठे साठवून ठेवलं होतं का, मैत्रिणींना एखादा तुकडा पाठवला होता का. चार सेकंदांची जमीन सापडली तरी ठेवा. बोट काचेवर आलेला काळोख सापडला तर आवाज चालू करून ऐका. काहीच न मिळण्याची शक्यता जास्त आहे, हे मला कळतं. तरी मी इथे बसून तुम्हाला कामाला लावते आहे, याचीही लाज वाटते.

आणि तिला फोन करा. माझ्या टॅबलेटवर नाही, तिच्या मोबाइलवर. तो ती आता स्वतः उचलते.

काल तिचा फोन आला. स्वतः लावलेला. नेहमी ती “ताई, जेवलात का?” असं सुरू करते. काल तसं केलं नाही.

“लिहिलंत?”

“लिहिते आहे.”

“किती झालं?”

“सहा पानं.”

“सहा पानं कशाला? तुम्ही पुसलंत, मी नाय, एवढंच तर लिहायचंय.” मागे कोणीतरी बादलीत पाणी ओतत होतं, किंवा तीच असेल. “आठ महिने लपवलंत, ते घातलंय?”

“घातलंय. पहिल्याच परिच्छेदात.”

“आणि रस?”

“तोही.”

“मग पाठवा,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.